चारही मतं नंबर दोनला

तोक्योच्या कोतो भागातल्या मराठी बायकांत सुरुची खांबेटेला ‘टीव्हीवाली सुरुची’ म्हणत. ही ओळख जरा चढवलेलीच होती. ती टीव्हीवर दिसे ती एखाद्या जाहिरातीत सुपरमार्केटच्या रांगेत मागे उभी, नाहीतर एखाद्या मालिकेत स्टेशनाच्या जिन्यावरून उतरणाऱ्या गर्दीत. परदेशी चेहरे पुरवणाऱ्या एका एजन्सीत तिचं नाव होतं. बोलावणं आलं की ती जाई, सांगतील तिथे उभी राही आणि सांगितलं की चालू लागे. विम्याच्या एका जाहिरातीत तिला एक वाक्य मिळालं होतं, पण दाखवताना त्यावर नेमकं संगीत घातलं गेलं.

पुण्यात कॉलेजात असताना ती एकांकिका करायची आणि झकास करायची. तिने वाक्य टाकलं की मागच्या रांगेतली कुजबुज थांबायची. पुढे प्रसन्नशी लग्न झालं, त्याच्या कंपनीने त्याला जपानला पाठवलं आणि दोन वर्षांसाठी म्हणून आलेली ही मंडळी तोक्योतच राहिली. सुरुवातीची वर्षं सुरुचीने जवळजवळ मुक्यानेच काढली. प्रसन्न ऑफिसात, राधिका पाळण्यात, आणि हिच्या तोंडी दिवसभरात ‘सुमिमासेन’, म्हणजे ‘माफ करा’, याखेरीज शब्द नाही. मग ती वॉर्ड ऑफिसातल्या जपानीच्या वर्गाला जाऊ लागली, राधिकाच्या शाळेच्या नोटिसा डिक्शनरी घेऊन वाचू लागली, आणि हळूहळू चांगलं जपानी बोलू लागली. पण बोलता यायला लागलं म्हणून ऐकणारं कुणी मिळालं असं नाही. कोनबिनीत, कोपऱ्यावरच्या दुकानात, तिला पिशवी हवी का विचारत, शाळेत राधिका बरी आहे का विचारत. तिला स्वतःबद्दल कुणी काही विचारत नसे.

म्हणून गेल्या शरद ऋतूत एजन्सीचा फोन आला तेव्हा तिने पुरतं ऐकून घ्यायच्या आतच ‘हो’ म्हणून टाकलं.

एका वाहिनीने एक जुना खेळ नव्याने सुरू केला होता. जपानी आजी-आजोबांना तो त्यांच्या तरुणपणापासून ठाऊक होता. खेळ साधा. मंचावर तिघं येऊन बसतात आणि तिघंही तेच नाव सांगतात. त्यांतला एक खरा, दोघं सोंग घेतलेले. समोर चार प्रसिद्ध मंडळी बसतात. ती आळीपाळीने प्रश्न विचारतात आणि शेवटी खरा कोण यावर मत देतात. खऱ्याने फक्त खरंच बोलायचं, सोंगांनी काहीही सांगावं. मतं चुकली की तिघांना बक्षीस.

त्या भागातली खरी व्यक्ती होती उत्तरेकडच्या सेंदाई शहरातली एक बस ड्रायव्हर. भारतीय बाई, जयमाला चौगुले. सुरुची आणि रेस्टॉरंटमध्ये काम करणारी गीता नावाची एक नेपाळी बाई, अशा दोघींनी जयमाला व्हायचं होतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तिघींना एका लहानशा खोलीत बसवलं होतं. सोंग घेणाऱ्यांना माहिती हवी म्हणून आधी एकत्र बसायची पद्धतच होती. गीता केस करून घ्यायला गेली आणि सुरुचीने सहज विचारलं, “तुम्ही मूळच्या कुठल्या?”

“इचलकरंजीची,” जयमाला म्हणाली, आणि लगेच, “तुम्ही मराठी?”

झालं. पुढचा तासभर त्या खोलीत जपान उरलं नाही.

जयमाला पन्नाशीची, बसकी, रुंद मनगटांची बाई होती. नवरा हेमचंद्र सेंदाईच्या विद्यापीठात संशोधक. माहेरी वडिलांचा टेम्पो होता आणि भावांच्या आधी गाडी हिच्या हातात आली होती. सेंदाईत बसवाल्यांना ड्रायव्हर मिळेनात तेव्हा ही स्वतःहून जाऊन उभी राहिली. लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास. हे सगळं तिने बेन्तोमधला, जेवणाच्या डब्यातला, भात खात खात सांगितलं. “मराठीत बोलायला माणूस मिळत नाही हो तिकडं. घरात हे असतात, पण हे म्हणजे पुस्तकात डोकं. तुमच्याशी बोलून बरं वाटलं बघा.”

सुरुचीलाही बरं वाटत होतं. तिने विचारलं, “ताई, भीती वाटली असं कधी झालं का?”

जयमालाने काड्या खाली ठेवल्या. तीन वर्षांपूर्वी बससमोर एक शाळकरी मुलगा सायकल घेऊन अचानक आला होता. तिने ब्रेक दाबला, मुलगा वाचला. पण पुढचा थांबा जवळ आला म्हणून एक आजी आधीच उठून उभ्या राहिल्या होत्या, त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्या पुन्हा चालल्या नाहीत. जयमाला सुट्टीच्या दिवशी त्यांना भेटायला जायची. आजी तिला म्हणायच्या, ‘तुम्ही थांबलात ते बरोबर केलंत. मीच घाई केली.’ त्यांच्या मुलीला मात्र हे येणं-जाणं आवडत नसे. आजी त्याच वर्षीच्या वसंतात गेल्या. अंत्यविधीला मुलीने जयमालाला दारातच सांगितलं, ‘आता येऊ नका. आणि आईबद्दल कुठेही बोलू नका.’ जयमालाने मान लवून शब्द दिला होता.

“अजून प्रत्येक थांबा आला की आरशात बघते,” जयमाला म्हणाली. “कुणी उठलं नाही ना म्हणून. हे आपल्या दोघींतलंच हं. तिथं बर्फाबिर्फाचं सांगा.”

“छे हो, हे कसं सांगेन,” सुरुची म्हणाली, आणि म्हणताना तिला ते अगदी खरं वाटत होतं.

स्टुडिओत दिवे लागले. गीता नंबर एक, सुरुची नंबर दोन, जयमाला नंबर तीन. तिघींना सारख्या निळ्या टोप्या आणि पांढरे हातमोजे. समोर चौघं: किमोनो नेसलेली एक वयस्क नटी, एक विनोदी नट, एक निवृत्त सुमो पैलवान आणि बातम्या देणारी एक तरुण निवेदिका.

सुरुवात सुरुचीला चांगली गेली नाही. पैलवानाने विचारलं, बसचं स्टिअरिंग फिरवताना हात कसे धरता? सुरुचीने दाखवले तसा तो हसला, कारण तसं मोटारीचं स्टिअरिंग धरतात. निवेदिकेने सेंदाईच्या रस्त्यांचं विचारलं तर ती अडखळली. विनोदी नट म्हणाला, “नंबर दोनच्या बसमध्ये बसलो तर मी नारिताच्या विमानतळावर पोचेन बहुतेक.” लोक हसले. सुरुचीही हसली. इतक्या वर्षांनी समोरासमोर बसून कुणीतरी तिला विचारत होतं, आणि तिच्याकडे सांगायला काही नव्हतं.

मग नटीची पाळी आली. तिने चष्मा काढला आणि हळू आवाजात विचारलं, “नंबर दोन, बस चालवतानाचा सगळ्यात वाईट दिवस कोणता?”

बर्फाचं उत्तर सुरुचीच्या जिभेवर होतं. तिने तोंड उघडलं आणि बाहेर आली ती सायकल. तो मुलगा, ब्रेक, मागून आलेला आवाज, आजींची घरंगळलेली पिशवी. पिशवीचं जयमालाने काही सांगितलं नव्हतं. ती सुरुचीने तिथल्या तिथे घातली. कुठे थांबायचं ते तिला आपोआप कळत होतं. ‘तुम्ही थांबलात ते बरोबर केलंत’ हे आजींचं वाक्य तिने अगदी हलक्या आवाजात टाकलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. स्टुडिओ गप्प झाला. कॉलेजच्या दिवसांत व्हायचं तसंच. त्या शांततेने तिला इतकं भरून आलं की शेजारी कोण बसलंय याचा तिला विसर पडला.

नटीने डोळ्यांना रुमाल लावला. मग तिने नियमाप्रमाणे मान वळवली. “नंबर तीन, तुमच्या बाबतीत असं कधी घडलं?”

सुरुचीला तेव्हा भान आलं. तिने मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. जयमालाचे दोन्ही हात मांडीवर होते, हातमोज्यांतली बोटं एकमेकांत घट्ट. खऱ्या माणसाला खोटं बोलायची मुभा नव्हती.

“हो,” जयमाला म्हणाली. “माझ्याही बाबतीत. असंच.”

क्षणभर थांबून सगळा स्टुडिओ हसला. विनोदी नट उठून उभा राहिला. “नंबर तीन-सान, दुसऱ्याच्या बेन्तोतलं उचलायचं नसतं.” हशा आणखी वाढला. जयमालाने मान खाली घातली आणि ‘सुमिमासेन’ म्हणाली. तिचं जपानी सेंदाईकडच्या वळणाचं, गावठी होतं. तेही लोकांना गंमतीचं वाटलं.

चारही मतं नंबर दोनला पडली.

“खरी जयमाला चौगुले कोण? कृपया उभ्या राहा,” सूत्रसंचालकाने म्हटलं. आधी गीता जराशी उठल्यासारखं करून बसली, तसं करायला तिला सांगितलंच होतं. मग जयमाला उभी राहिली. लोकांनी आश्चर्याचा मोठा हेल काढला, टाळ्या वाजल्या. फक्त नटीने तोंडावर हात ठेवला. तिला कळलं होतं. ती खुर्चीतून उठली आणि जयमालाकडे बघून कमरेत वाकली, पण तोवर संगीत सुरू झालं होतं आणि बक्षिसाचे खरबुजाचे खोके मंचावर आले होते.

बाहेर कॉरिडॉरमध्ये सुरुचीने तिला गाठलं. “जयमालाताई, माझ्याकडून ते...”

“माझी सेंदाईची शिंकानसेन गाडी सुटेल,” जयमाला म्हणाली. रागाने नाही. खरबुजाचा खोका तिने काखेत धरला होता आणि टोपी परत द्यायची तशीच डोक्यावर राहिली होती. एका मुलीने मागून पळत येऊन ती मागितली. जयमालाने तिचीही माफी मागितली.

सुरुचीने घरी जाऊन प्रसन्नला सांगितलं. तो म्हणाला, “अगं, खेळच तो. खोटं बोलायलाच बोलावलं होतं ना तुला?” तिने दुसऱ्या दिवशी एजन्सीला फोन करून तेवढा भाग काढायला सांगा म्हटलं. एजन्सीतला माणूस खुशीत होता. “खांबेटे-सान, तोच तर भाग त्यांना सगळ्यात आवडलाय.” तिने जयमालाला ‘लाइन’ या ॲपवर माफीचा मेसेज पाठवला. वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. खरं तर त्याच दिवशी तिने वाहिनीच्या दारात जाऊन उभं राहायला हवं होतं. पण कार्यक्रम दाखवायला अजून महिना होता, आणि महिनाभरात काहीतरी होईल अशी आपली समजूत घालून तिने दिवस जाऊ दिले. मनाच्या एका कोपऱ्यात तिला तो भाग बघायचाही होता. हे तिने प्रसन्नलाही सांगितलं नाही.

प्रसन्नने प्रक्षेपणाच्या संध्याकाळी सोसायटीतल्या सगळ्यांना बोलावलं. अनघा आणि तिचा नवरा अनुराग, त्यांची मुलं, आणखी दोन कुटुंबं. पावभाजी झाली. पडद्यावर सुरुची आली तसा आरडाओरडा झाला. आजींची गोष्ट सुरू झाली आणि खोली गप्प. जपानी नीट न कळणाऱ्यांनाही तिचा चेहरा कळत होता. अनघाने डोळे पुसले. “काय काम केलंस गं,” ती म्हणाली. “कुठून सुचलं तुला हे?”

मग पडद्यावर नंबर तीन ‘हो’ म्हणाली आणि खोलीतले सगळे हसले. सुरुचीने तो चेहरा पहिल्यांदाच समोरून बघितला. जयमालाच्या ओठांची एक कड थरथरली होती, आणि कॅमेऱ्याने ती जवळून टिपली होती. खाली झगमगत्या अक्षरांत ‘नक्कल करताना पकडली!’ असं लिहिलं होतं.

हसली नव्हती ती फक्त राधिका. ती चौदा वर्षांची, इथेच वाढलेली. मराठी कळे, बोलताना मात्र जपानी. ती आईच्या कानाशी येऊन जपानीत म्हणाली, “त्या बाईंना खरंच तसं झालं होतं ना? त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.”

सुरुचीने होकाराची मान हलवली.

“तुला हे त्यांनी सांगितलं होतं?”

सुरुचीने पुन्हा मान हलवली. राधिका तिच्याकडे बघत राहिली. चिडली असती तर सुरुचीला सोसलं असतं. पण मुलीने नजर काढून घेतली, पावांची रिकामी ताटली उचलली आणि आत निघून गेली.

त्यानंतर सुरुचीने जयमालाला रोज एक मेसेज पाठवला. आठवडाभराने उत्तर आलं: ‘यायचं तर या. शनिवारी दुपारी ड्यूटी संपते. डेपोच्या बाहेर भेटू.’

सेंदाईला तोक्योपेक्षा थंडी जास्त होती. डेपोच्या फाटकापाशी पेयांचं मशीन होतं आणि त्याला लागून एक बाकडं. जयमाला गणवेशातच बाहेर आली. तिने मशीनमधून गरम कॉफीचे दोन डबे काढले, एक सुरुचीच्या हातात दिला आणि बसली. सुरुचीने वाटेत पाठ केलेलं सगळं बोलायला सुरुवात केली. जयमालाने तिला मध्येच थांबवलं नाही, पण वाक्यं सुरुचीला स्वतःलाच ऐकू येऊ लागली, नीट रचलेली, योग्य जागी थांबणारी. ती गप्प झाली.

“एक विचारू?” जयमाला म्हणाली. “तिथं रडलात ते खरं रडलात का?”

सुरुचीने कॉफीचा डबा बाकड्यावर ठेवला. “कॅमेरा कुठे आहे ते मला माहीत होतं,” ती म्हणाली.

जयमालाने मान डोलावली. मग तिने काय झालं ते सांगितलं. आजींच्या मुलीने कार्यक्रम बघितला होता. तिने बस कंपनीत फोन केला. आईच्या मोडलेल्या हाडावर तुमची बाई टीव्हीवर जाऊन टाळ्या मिळवते का, असं विचारलं. “मी काय सांगणार? मी नाही, दुसरीनं सांगितलं? दुसरीला कुणी सांगितलं, तर मीच ना. शब्द माझा होता.”

“मग?”

“मग कंपनीच्या साहेबांना घेऊन त्यांच्या दारात गेले. वाकले. एकदा ब्रेकसाठी माफी मागितली होती, ती माझी होती. ही दुसऱ्यांदा.” ती दुसरी माफी कुणाची ते तिने बोलून दाखवलं नाही. “त्यांनी दार लावून घेतलं. आता त्या लाइनीवर नको म्हणून मला तिथून काढलंय. सध्या डेपोत गाड्या धुते, कधी बदलीवर चालवते.”

“मी जाते त्यांच्याकडे,” सुरुची म्हणाली. “आत्ता जाते. सगळं माझं होतं म्हणून सांगते.”

“नको.”

“पण ताई, त्यांना खरं काय ते...”

“तुम्ही गेलात तर तुम्हाला हलकं वाटेल,” जयमाला म्हणाली. “त्यांना मात्र परत दार उघडावं लागेल. राहू दे त्यांना.” मग ती म्हणाली, “करायचंच असेल तर ते फोनवर फिरतंय ना, तो तुकडा, तेवढा काढून टाकायला सांगा. ह्यांच्या विद्यापीठातली पोरंसुद्धा बघतात.”

सुरुचीने डोकं टेकवायचं म्हणून वाकायला सुरुवात केली तर जयमालाने तिला कोपराला धरून सरळ केलं. “इथं नको. डेपोतली माणसं बघतात. त्यांना वाटेल परत काहीतरी झालं.” ती डबा कचऱ्याच्या खोक्यात टाकून आत गेली. पोचल्याचा मेसेज करा, जेवून जा, यातलं ती काही म्हणाली नाही, आणि म्हणावं अशी सुरुचीची अपेक्षाही नव्हती.

तो तुकडा काढायला अर्धा हिवाळा गेला. वाहिनी एजन्सीकडे बोट दाखवी, एजन्सी वाहिनीकडे. सुरुची त्यांच्या ऑफिसच्या वेळेत, दुपारी, कपडे वाळत घालता घालता फोन करत राही. शेवटी वाहिनीतली एक बाई कंटाळून म्हणाली, ठीक आहे, काढतो. त्याच आठवड्यात एजन्सीने नव्या खेळासाठी बोलावलं, मोठा कार्यक्रम, सणाचा. सुरुचीने नाही म्हटलं. पुन्हा बोलावणं आलं नाही. आता ती एका पाळणाघराच्या स्वयंपाकघरात बाइतो, म्हणजे तासांवरचं काम, करते. भाज्या चिरते, मुलांची ताटं लावते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अनघाकडे पुण्याहून नवी आलेली एक मुलगी होती, सुमन. ती म्हणाली, “ताई, तुम्ही म्हणे सगळ्या पॅनेलला रडवलंत. आम्हालाही सांगा ना ती गोष्ट.”

“ती गोष्ट माझी नव्हती,” सुरुची म्हणाली. “ज्यांची होती त्यांनी सांगू नका म्हटलं होतं. मी सांगितली.”

मग अनघा म्हणाली, “अगं, पण तोच तर खेळ. तुझी नव्हती आणि तुझी वाटली, हीच कमाल.” बायकांनी दुजोरा दिला आणि तिळगुळाची वाटी पुढे आली. सुरुचीने आणखी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण आपण पुन्हा सगळ्यांच्या मध्ये बसून बोलतोय, सगळ्या आपल्याकडेच बघतायत, हे लक्षात येऊन ती थांबली. राधिकाने वाण वाटता वाटता तिच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. मायाही पूर्वीसारखी नव्हती. सुरुचीला वाटलं, ही आता आपल्या प्रत्येक वाक्यात खरं किती ते मनात मोजत असणार.

मार्चअखेर जयमालाचा मेसेज आला. ‘गाडी परत मिळाली. दुसरी लाइन, डोंगराकडची. तुकडा निघाल्याचं ह्यांनी सांगितलं.’ आभार नव्हते, चौकशी नव्हती. सुरुची त्या वेळी पाळणाघराच्या मागच्या दाराशी उभी होती, हात मुळ्याच्या पाण्याने ओले. तिने हात पुसले आणि ‘फार बरं झालं, ताई’ असं लिहिलं. लिहून झाल्यावर तिला ते वाचवेना. बरं झालं म्हणायचा अधिकार तिने स्टुडिओतल्या त्या दिव्यांखालीच घालवला होता. तिने अक्षरं पुसली, ‘वाचलं’ एवढाच शब्द पाठवला आणि आत जाऊन उरलेला मुळा किसायला घेतला.